त्यांच्या वयातून दहा वजा करा

कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकरी घरांत अजूनही हेळवी येतो. चोपडी उघडून पणजोबा-खापरपणजोबांपासूनची कुळी वाचून दाखवतो. मूळ गाव कुठलं, कुणाला किती मुलगे, कोणती शाखा कुठं गेली, सगळं त्यात असतं. तरी दोन गोष्टी त्या चोपडीत सापडत नाहीत. माणूस कशानं गेला ते नसतं, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकींच्या घरी पुढं काय झालं तेही नसतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपुरतं बोलायचं, तर जीव वाचवणारी माहिती नेमकी हीच आहे. ती तुम्हालाच गोळा करावी लागेल. त्यासाठी एक वही आणि घरातली दोन म्हातारी माणसं पुरेत.

हा लेख पेठ वडगाव आणि आसपासच्या अशा घरांसाठी आहे, जिथं आई, वडील, सख्खा भाऊ, सख्खी बहीण किंवा पोटचं मूल यांपैकी कुणाला तरी मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर झालेला आहे. आज तुम्हाला काहीही त्रास नसेल. पोट रोज साफ होत असेल, भूक लागत असेल, दिवसभर शेतात राबूनही थकवा येत नसेल. तपासणी करायची ती याच दिवसांत.

या आजाराची एक बाजू आपल्या सोयीची आहे. तो एकाएकी होत नाही. बहुतेक वेळा आतड्याच्या अस्तरावर आधी एक छोटा कोंब उगवतो, डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप बिघडत नाहीत, आणि जे बिघडतात त्यांनाही साधारण दहा वर्षं लागतात. एवढ्या अवधीत तो दुर्बिणीतून दिसला तर तारेच्या फासानं तिथल्या तिथं कापून काढता येतो. त्या अस्तराला कापल्याची वेदना होत नाही, त्यामुळे दुखतही नाही. म्हणजे कोलोनोस्कोपी कॅन्सर लवकर पकडते एवढंच नाही, पुष्कळदा ती तो होऊच देत नाही. फिनलंडमध्ये, हा कॅन्सर आनुवंशिक असलेल्या कुटुंबांवर १५ वर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दर तीन वर्षांनी तपासणी करून घेणाऱ्या १३३ जणांपैकी ८ जणांना आतड्याचा कॅन्सर झाला आणि त्यानं कुणीही दगावलं नाही. तपासणी न केलेल्या ११९ जणांपैकी १९ जणांना तो झाला, आणि त्यातले ९ जण गेले.

आपल्याकडे सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड या तीन कॅन्सरची तिशीपुढच्या लोकांमध्ये चाचपणी होते. आतड्याचा कॅन्सर त्यात नाही. भारतात २०२२ साली त्याचे सुमारे ७० हजार नवे रुग्ण झाले असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. लोकसंख्येच्या मानानं हे प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा बरंच कमी, म्हणून सरसकट सगळ्यांची तपासणी इथं होत नाही. पण ज्याच्या घरात आजार आहे त्याला देशाच्या सरासरीचा काय उपयोग? सख्ख्या नात्यातल्या एकाला हा कॅन्सर झाला असेल तर आपला धोका इतरांच्या साधारण दुप्पट होतो. दोघांना झाला असेल, किंवा एकालाच पण पन्नाशीच्या आत, तर तो तिप्पट-चौपटीपर्यंत जातो. आशाताई याबद्दल विचारायला येणार नाहीत. तुम्हीच डॉक्टरांकडे जाऊन सांगायचं आहे.

आता वही उघडा.

एका पानावर आजी-आजोबांपासून सुरुवात करा, वडिलांकडचे आणि आईकडचे दोन्ही. त्यांच्याखाली त्यांची सगळी मुलं आणि मुली, मग नातवंडं. प्रत्येकापुढं दोनच गोष्टी लिहायच्या: कोणता कॅन्सर झाला आणि तो कळला तेव्हा वय काय होतं. मृत्यूचं वय चालत नाही, कळला तेव्हाचं वय हवं. जन्मसाल कुणाला आठवत नसेल तर कोयनेच्या भूकंपाच्या किंवा बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे विचारलं की म्हातारी माणसं बरोबर सांगतात.

आपल्याकडे वडिलांच्या बाजूची माहिती निदान अर्धीमुर्धी असते, आजोळची मात्र पुसट होत जाते. बिघडलेल्या जनुकाला मुलगा-मुलगी, घराणं, आडनाव यातलं काही कळत नाही. ते आईकडूनही तितकंच येतं. म्हणून आत्या, मावशी, मामा आणि त्यांची मुलं पानावर आलीच पाहिजेत. बायकांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारायचा असतो. घरात नुसतं ‘तिला पिशवीचा कॅन्सर होता’ एवढंच सांगतात. पण तो गर्भाशयाच्या तोंडाचा होता की आतल्या अस्तराचा, हे महत्त्वाचं आहे. तोंडाचा असेल तर आतड्याशी त्याचा संबंध नाही. अस्तराचा असेल, आणि त्याच घरात कुणाला आतड्याचा झाला असेल, तर दोन्हींच्या मागे एकच आनुवंशिक दोष असू शकतो. ऑपरेशनचा जुना रिपोर्ट ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या फडताळात, कुठंतरी सापडतो. तो शोधा.

या दोषाचा छडा लागला त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथं पॉलीन ग्रॉस नावाची शिवणकाम करणारी बाई आल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरांशी बोलता बोलता म्हणाली, की आमच्या घरात पुष्कळ जण पोटाच्या नाहीतर पिशवीच्या कॅन्सरनं गेलेत, मीही तशीच जाणार. वॉर्थिन यांनी तिचं बोलणं उडवून लावलं नाही. तिच्या नातेवाइकांची वंशावळ मांडली आणि १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. पॉलीन खरोखरच तरुणपणी गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली. पुढे १९६०च्या दशकात हेन्री लिंच यांनी अशाच कुटुंबांचा माग काढला, आणि या दोषाला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. त्यामागची जनुकं १९९३ नंतर एकेक करून सापडली. म्हणजे प्रयोगशाळेच्या जवळपास शंभर वर्षं आधी एका बाईनं आपल्या घरातला आजार ओळखला होता. तुमच्या घरातली एखादी आजी ‘आमच्याकडं सगळ्यांचं पोटच जातं’ असं म्हणत असेल, तर तिच्याजवळ बसून सगळी नावं लिहून घ्या.

मामाच्या मुलीशी लग्न आपल्या भागात नवं नाही. अशा घरांसाठी एक वेगळी सूचना. काही प्रकारांत आई आणि वडील दोघंही ठणठणीत असतात, पण दोघांकडून एकेक सदोष प्रत आली की मुलाच्या आतड्यात दहा-वीस किंवा त्याहून जास्त पॉलिप होतात. एमयूटीवायएच या जनुकाचा असा दोष २००२ मध्ये लक्षात आला. नात्यातल्या लग्नात दोन्हीकडून तीच प्रत येण्याची शक्यता वाढते. तेव्हा ‘आई-बापाला काही नव्हतं, मग हे आनुवंशिक कसं’ हा युक्तिवाद इथं चालत नाही. एका भावंडाला पॉलिप निघाले की बाकीच्या भावंडांनी तपासून घ्यायचं.

तपासणी कधीपासून? सर्वसाधारणपणे पाळला जाणारा नियम असा: सख्ख्या नात्यातल्या एकाला साठीच्या आत, किंवा दोघांना कोणत्याही वयात कॅन्सर झाला असेल, तर ४० व्या वर्षी, किंवा घरातल्या सगळ्यात तरुण रुग्णाला ज्या वयात कळला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी. ती स्वच्छ निघाली तर पुढं दर पाच वर्षांनी. समजा वडिलांना ५२ व्या वर्षी कळला. दहा वजा केले की ४२, पण चाळिशी आधी येते, म्हणून ४०. समजा थोरल्या भावाला ४३ व्या वर्षी कळला. मग ३३. तुम्ही ३४ चे असाल तर तुमची वेळ येऊन गेलेली आहे, ती या महिन्यात गाठा. इचलकरंजीला दिलेली बहीण ३१ ची असेल तर तिला दोन वर्षं आहेत, पण तिला हे आजच कळलं पाहिजे. भावाच्या मुलांनाही तेच ३३ लागू. ती आज शाळेत असतील, म्हणून हा आकडा वहीत लिहून ठेवायचा. नातेवाईक एकच असेल आणि त्याला साठीनंतर झाला असेल, तर सुरुवात चाळिशीतच, पण पुढच्या तपासण्यांत जास्त अंतर चालतं. वेगवेगळ्या देशांचे नियम थोडेफार वेगळे आहेत, ब्रिटनमध्ये काही जणांना पंचावन्नाव्या वर्षी बोलावतात. आपल्या डॉक्टरांनी वेगळी तारीख दिली तर कारण विचारा आणि ती पाळा. फक्त ‘बघू पुढं’ हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. आपल्याकडे हा आजार तरुण वयात दिसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या ८०० रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रुग्णांचं सरासरी वय ४७ च्या आसपास होतं.

काही घरांना एवढा नियम पुरत नाही. कुणाला पन्नाशीच्या आत आतड्याचा कॅन्सर झाला असेल, दोन पिढ्यांत मिळून तिघांना आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा झाला असेल, एकाच माणसाला दोन कॅन्सर झाले असतील, किंवा कुणाला दहापेक्षा जास्त पॉलिप निघाले असतील, तर जनुकीय सल्ला घ्यायला हवा. लिंच सिंड्रोममध्ये काही जनुकांच्या दोषात जन्मभरात आतड्याचा कॅन्सर होण्याची शक्यता निम्म्याच्या जवळ जाते. म्हणून तिथं विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बीण लागते, आणि बायकांना गर्भाशयाकडेही लक्ष ठेवावं लागतं. एफएपी नावाच्या दुसऱ्या प्रकारात वयात येण्याच्या सुमारासच शेकडो पॉलिप उगवतात. तिथं मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांपासून सुरू होते, आणि तिथं हयगय झाली तर चाळिशीपर्यंत कॅन्सर जवळजवळ ठरलेला.

जनुकाची चाचणी शक्यतो आधी आजारी माणसाची करतात, निरोग्याची नाही. त्याच्यात दोष सापडला तरच बाकीच्यांत नेमकं काय शोधायचं ते कळतं. लिंच किंवा एफएपी असेल तर प्रत्येक मुलाकडे तो दोष जाण्याची शक्यता निम्मी असते, आणि ज्याच्यात तो नाही त्याला दरवर्षीच्या दुर्बिणीतून सुटका मिळते. रुग्ण हयात नसेल तरी वाट बंद होत नाही. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात घालून पॅथॉलॉजी प्रयोगशाळा ठेवते, तिथं त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. त्या ब्लॉकवर एमएमआर किंवा एमएसआय ही चाचणी करता येते, आणि लिंचची शंका आहे की नाही हे त्यावरून कळतं. आज घरात कुणाचं ऑपरेशन होणार असेल तर ही चाचणी होणार आहे का, हे सर्जनला आत्ताच विचारा, आणि ब्लॉक जपून ठेवायला सांगा. टाटा मेमोरियल सेंटरमध्ये आनुवंशिक कॅन्सरचा स्वतंत्र विभाग आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं दादरला उतरून परळला जाताना सोबत कपड्यांपेक्षा कागद जास्त न्या: वहीतलं ते पान, बायोप्सीचे रिपोर्ट, आणि असेल तर ब्लॉक.

आता प्रत्यक्ष तपासणीबद्दल. दीड मीटर लांबीचं मोठं आतडं मागच्या बाजूनं पातळ दुर्बिणीतून पाहतात. बहुतेक ठिकाणी झोपेचं इंजेक्शन देतात, अर्ध्या-पाऊण तासात काम होतं आणि संध्याकाळी माणूस घरी असतो. लोक घाबरतात दुर्बिणीला, खरा त्रास असतो तो आदल्या दिवशीच्या तयारीचा. तपासणीचं यशही त्या तयारीवरच ठरतं. आतडं स्वच्छ नसेल तर पॉलिप मळाखाली लपतो.

दोन-तीन दिवस आधीपासून चोथा आणि बिया बंद. आपल्या जेवणात शेंगदाण्याचा कूट भाजीत, चटणीत, खर्ड्यात सगळीकडे असतो, आणि शेंगदाण्याची कणी आतड्यात राहिली की दुर्बिणीच्या शोषनळीत अडकते. म्हणून कूट, तीळ, टोमॅटो, पेरू, पालेभाज्या, मोडाची उसळ, ज्वारीची भाकरी हे सगळं बाजूला. मऊ भात, वरणाचं पाणी, मैद्याचा पाव, उकडलेला बटाटा, अंडं चालतं. आदल्या दिवशी नुसते निवळ द्रव: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत नको, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. मग पेगलेकसारखी पावडर दोन लिटर पाण्यात मिसळून प्यायची. चव खारट असते. थंड करून, दर दहा-पंधरा मिनिटांनी एकेक पेला प्यायलं की उतरते. अर्धी आदल्या संध्याकाळी आणि अर्धी तपासणीच्या काही तास आधी, असं विभागून प्यायलं तर आतडं जास्त स्वच्छ होतं. इथं वडगावकरांनी एक हिशेब करावा. सकाळी नऊची वेळ घेतली तर दुसरा डोस पहाटे तीन-चारला प्यायचा आणि पोट मोकळं होत असतानाच कोल्हापूरची एसटी पकडायची, अशी पाळी येते. त्यापेक्षा दुपारची वेळ मागून घ्या. दुसरा डोस घरी सावकाश होतो आणि शेवटचं पाणी लघवीसारखं पिवळसर निवळ आलं की निघता येतं.

लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवतात, त्यानं मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधीच सांगा, स्वतःच्या मनानं काही बंद करू नका. सोबत एक माणूस हवाच, कारण झोपेच्या इंजेक्शननंतर त्या दिवशी मोटारसायकल चालवायची नाही. आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो, पण तो हजारात एखाद्याला किंवा त्याहून कमी. पॉलिप कापल्यावर क्वचित रक्तस्राव होतो. घरी आल्यावर पोट फुगून खूप दुखू लागलं, ताप आला किंवा रक्त जास्त गेलं तर त्याच रात्री फोन करा.

रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी वाचायच्या. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या पार टोकापर्यंत पोचली का? आतडं स्वच्छ होतं का? आणि पुढची तारीख कधीची दिली आहे? पहिल्या दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर ती तपासणी झालीच नाही असं धरून पुन्हा वेळ घ्या.

मळात न दिसणारं रक्त शोधणारी फिट नावाची स्वस्त चाचणी आहे. ज्यांच्या घरात आजार नाही त्यांच्यासाठी ती चांगली. तुमच्यासाठी ती दुर्बिणीला पर्याय नाही, दुर्बीण खरोखर शक्य नसेल तेव्हा दरवर्षी ती करणं काहीच न करण्यापेक्षा नक्कीच बरं, आणि ती पॉझिटिव्ह आली तर दुर्बिणीला पर्याय उरत नाही. शिबिरांत ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून सीईए ही रक्ताची चाचणी करतात. आधी झालेल्या कॅन्सरवर लक्ष ठेवायला ती कामाची आहे, पण सुरुवातीचा आजार ती हमखास दाखवत नाही. ती नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नका.

संडासवाटे रक्त पडत असेल तर वर सांगितलेला वयाचा हिशेब विसरायचा, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे. आपल्याकडे रक्त दिसलं की मूळव्याध ठरवूनच टाकतात. रस्त्यावरच्या पाट्या वाचून झाडपाला सुरू होतो, चार-सहा महिने जातात. मूळव्याध खरीच असेल, पण तिच्या वर दोन बोटांवर गाठही असू शकते. आपल्या देशात या कॅन्सरचा मोठा हिस्सा गुदाशयातच असतो, म्हणजे डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटानं तपासलं तरी त्यातल्या बऱ्याच गाठी हाताला लागतात. ही तपासणी न करताच मूळव्याधीचं औषध दिलं जात असेल तर स्पष्ट म्हणा, ‘माझ्या वडिलांना आतड्याचा कॅन्सर होता, एकदा आतून तपासा.’ लाजण्यासारखं यात काही नाही. शौचाची सवय महिनाभर बदललेली राहणं, पोट साफ झाल्यासारखं न वाटणं, आणि पुरुषाचं रक्त कारण नसताना कमी होणं, हीही तितकीच गंभीर लक्षणं. हिमोग्लोबिन नऊवर आलं म्हणून नुसतं टॉनिक देणारा सल्ला अशा घरातल्या माणसानं मान्य करू नये.

खर्च हा खरा अडसर आहे. खासगीत कोलोनोस्कोपीला काही हजार रुपये लागतात. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात आधी चौकशी करा: दुर्बिणीचा विभाग कोणत्या वारी असतो, नाव किती आधी द्यावं लागतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार होतात, पण निरोगी माणसाच्या तपासणीचा खर्च त्यातून मिळेल असं धरून चालू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून मगच तारीख घ्या. गळीत हंगाम संपल्यावर, ऊसबिल हातात आल्यावर तपासणी करायची असं ठरवणं गैर नाही. त्रास काही नसेल तर दोन-तीन महिन्यांनी बिघडत नाही. पण तारीख मात्र आजच ठरवा, नाहीतर पैसे खतात आणि शाळेच्या फीत जातात.

तंबाखू, दारू, वाढलेलं वजन आणि बैठं आयुष्य यांनी धोका वाढतो. डबाबंद प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक आहे आणि लाल मांस बहुधा कॅन्सरकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये जाहीर केलं. रविवारचं मटण सोडा असं मी म्हणणार नाही, रोजचं मात्र होऊ देऊ नका. यातलं सगळं पाळलं तरी दुर्बीण चुकत नाही.

सगळ्यात अवघड आहे ते घरात सांगणं. कॅन्सर कळला की पहिली भीती मुलींच्या लग्नाची वाटते, आणि मग सख्ख्या भावांपासूनही तो लपवला जातो. ‘पोटाचं ऑपरेशन झालं’ एवढंच पसरतं. ही भीती मला समजते, स्थळ मोडल्याचं दुःख खरं असतं. पण भावाला ४३ व्या वर्षी काय झालं हे इचलकरंजीच्या बहिणीला ठाऊक नसेल, तर ती ३३ व्या वर्षी कशासाठी दवाखान्यात जाईल? गावाला सांगू नका, भावंडांना सांगा. लग्न झालेल्या मुलीच्या बाबतीत तिच्या नवऱ्यालाही विश्वासात घ्या, कारण तयारीच्या दिवशी घरकाम आणि मुलं त्याला सांभाळावी लागतील. बायोप्सीच्या रिपोर्टचा फोटो भावंडांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा आणि खाली दोनच ओळी लिहा: कोणत्या वयात कळला, आणि कुणी कोणत्या वयापासून तपासून घ्यायचं. तुमच्या स्वतःच्या तपासणीत मोठा पॉलिप निघाला तर तीही बातमी त्यांना द्या. एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा, किंवा बायोप्सीत धोक्याचा ठरलेला पॉलिप सख्ख्या नातेवाइकांच्या हिशेबात कॅन्सरसारखाच मोजतात, आणि त्यांचा आकडाही मग बदलतो.